अर्धं परत आलेलं ताट

“सुरू करा,” असं म्हणून तिने स्टॉपवॉचचं बटण दाबलं आणि तिचा दादा चालू लागला.

कॉरिडॉरच्या दोन टोकांना दोन नारंगी शंकू ठेवलेले होते. या शंकूपासून त्या शंकूपर्यंत तीस मीटर. वळसा घालायचा, परत यायचं, पुन्हा जायचं. सहा मिनिटांत जितकं चालून होईल तितकं. धावायचं नाही, बोलायचं नाही. दम लागला तर भिंतीला टेकून उभं राहायला हरकत नाही, पण घड्याळ कोणासाठी थांबणार नाही. हृदयविकारातून उठलेल्या, साठी ओलांडलेल्या माणसांचा व्यायाम, आहार आणि मनःस्वास्थ्य यांवर या केंद्रात तीन वर्षं संशोधन चालू होतं, आणि त्यातल्या प्रत्येकाला इथून चालवायचं काम तिचं. आतापर्यंत एकशे सेहेचाळीस जणांना तिने चालवलं होतं. दादा एकशे सत्तेचाळीसावा.

चालवणाऱ्याने काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. दर मिनिटाला दोन वाक्यं, एकाच सुरात, न हसता आणि कपाळाला आठ्या न घालता. जास्त धीर दिला की माणूस जास्त चालतो आणि मग ते चालणं त्याचं राहत नाही, असं सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाकीच्या मुली कधीमधी विरघळायच्या. ती नाही. केंद्रात सगळे तिला ताई म्हणत आणि पाठीमागे घड्याळताई. हे तिला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

एक मिनिट झालं.

“छान चालला आहात,” ती म्हणाली. “अजून पाच मिनिटं.”

सख्ख्या भावाला अहो-जाहो करायची वेळ जन्मात पहिल्यांदाच आली होती. सकाळपासून ती त्याच्याशी बोलत होती तेही असंच, छापील. नाव सांगा. हात पुढे करा. गेल्या चोवीस तासांत काय खाल्लंत? दादानेही छापील उत्तरं दिली होती. त्याने ओळख दाखवली नाही, तिने दाखवली नाही, आणि चार वर्षांचा अबोला दोघांच्या मधल्या टेबलावर बीपीच्या यंत्राशेजारी मांडून ठेवल्यासारखा राहिला.

आठवड्यापूर्वी नव्या लोकांची यादी आली तेव्हा तिने आधी जन्मतारीख पाहिली आणि मग व्यवसायापुढचं ‘सुतार’ वाचलं. लग्नानंतर आडनाव बदललेलं, त्यामुळे केंद्रात कोणाला संशय यायचं कारण नव्हतं. आपल्या नातेवाइकाची चाचणी आपण घ्यायची नाही असा नियम आहे, आणि तो नव्या मुलींना घोकून घेणारी तीच. तरी ती मूग गिळून बसली. त्या यादीतूनच तिला कळलं की सहा महिन्यांपूर्वी दादाच्या छातीत कळ आली होती आणि तो नऊ दिवस इस्पितळात होता. बहिणीला कोणी चकार शब्दाने कळवलं नव्हतं. ते वाचून तिला राग यायला हवा होता, पण आली ती भीती. हा गेला असता तर मी विचारणार कोणाला, असं तिच्या मनात आलं. आणि भावाच्या दुखण्यात आपल्याला आधी आपला प्रश्न आठवला, याची तिला लाजही वाटली.

प्रश्न आईचा होता.

आई शेवटचे आठ महिने तिच्याकडे राहिली. हृदय थकलेलं, पायांवर सूज. जिला आरोग्यातलं कळतं तिच्याकडे आईने राहावं असं भावा-बहिणीत ठरलं, आणि तिला खरोखरच कळत होतं. तिने मीठ बंद केलं. लोणी, साय, अंड्यातला बलक बंद केला. पाणी मापाच्या पेल्याने, भाज्या वाफवून, सूप अळणी. फ्रिजच्या दारावर वारांप्रमाणे तक्ता लावला. तिच्या देखरेखीत इकडचं तिकडे व्हायची सोय नव्हती. रोज संध्याकाळी ती घरी आली की आईचं दुपारचं ताट ओट्यावर असायचं, अर्धं परत आलेलं. “भूक नाही गं,” आई म्हणायची, आणि ती तक्त्यावर ‘अर्धं’ अशी नोंद करायची.

सातवा महिना संपताना एक दिवस चादर बदलायला घेतली तर उशीखाली अंड्याच्या टरफलाचा नखाएवढा तुकडा निघाला. दादा एक दिवसाआड आईला भेटायला यायचा. त्या दिवशी तो आला तसं तिने त्याला दारातच धरलं.

“तू आईला मारतोयस,” ती म्हणाली होती.

दादा आत गेला, डोळे मिटून पडलेल्या आईच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “आईची शपथ. मी तिला काही दिलेलं नाही.”

तिचा विश्वास बसला नाही. यापुढे रिकाम्या हाताने यायचं आणि मी घरात असतानाच यायचं, असं तिने बजावलं. तो तसाच येत राहिला, पाहुण्यासारखा खुर्चीच्या टोकावर दहा मिनिटं बसून जात राहिला. महिन्याने आई गेली आणि त्यानंतर त्याने येणंच सोडलं.

“छानच चाललंय,” ती आता म्हणाली. “अजून चार मिनिटं.”

दादाने मान हलवली नाही. डाव्या पायावर थोडा जास्त भार देत तो चालत होता. बाबाही असेच चालायचे.

गेल्या वर्षी अभ्यासाचे निम्मे आकडे हाती आले. केंद्रातली संख्याशास्त्राची डॉक्टर, जिला सगळे आकडेवाली म्हणत, तिने भिंतीवर आलेख दाखवला. ज्यांनी पथ्य अगदी काटेकोर पाळलं होतं, ज्यांच्या आहारवह्या पाहून शाबासकी द्यावीशी वाटावी, त्यांतल्या बऱ्याच जणांनी एकूणच फार कमी खाल्लं होतं. ते वाळले होते, कमी चालले होते, आणि मनःस्वास्थ्याच्या प्रश्नावलीत त्यांची उत्तरं सगळ्यात उदास होती. “हे आपल्या एवढ्याशा गटापुरतं आहे, घाई करू नका,” असं सर म्हणाले. बाकीचे वाद घालत बसले. ती कप विसळायला म्हणून उठली आणि वाहत्या नळाखाली हात धरून कितीतरी वेळ उभी राहिली.

आई माझ्या घरात उपाशी गेली का? तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. ती अर्धी ताटं झोपेतही तिच्यासमोर यायची. आणि याचं उत्तर जगात एकट्या दादाकडे होतं. त्याने शपथ घेतली तेव्हा तो धडधडीत खोटं बोलतोय याची तिला खात्री होती. आता तो खोटंच बोललेला असावा म्हणून ती देव पाण्यात घालून बसली होती. कितीदा फोन हातात घेतला आणि ठेवला. ‘मी खरंच काही दिलं नव्हतं’ असं तो म्हणाला असता तर ते ऐकून पुढचं आयुष्य काढायचं कसं?

त्यात सकाळच्या प्रश्नावलीने भर घातली. ‘गेल्या महिन्यात तुम्हाला अपराधी वाटलं का?’ या प्रश्नापुढे दादाने ‘रोज’वर खूण केली होती. ठळक, सुताराच्या पेन्सिलने करावी तशी. अपराधी कशाबद्दल? मागूनही आईला दिलं नाही म्हणून?

“छान चालला आहात. निम्मं झालं.”

तिसऱ्या मिनिटानंतर तिला दिसलं की दादाचे ओठ हलतायत. दम लागलाय की कळ येतेय की हा देवाचं नाव घेतोय, काही कळेना. चालणाऱ्याच्या बरोबरीने चालायचं नाही हाही नियम. ती शंकूपाशी उभी राहून त्याचा चेहरा, मग छाती, मग पुन्हा चेहरा बघत राहिली. चौथ्या मिनिटाला, पाचव्या मिनिटाला आपण काय बोललो ते तिला नंतर आठवलं नाही; ठरलेलंच बोलली असणार.

“थांबा.”

तिने खुर्ची नेली, तो जिथे थांबला तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावली, त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. सगळं ठीक होतं. बारा फेऱ्या आणि वर चौदा मीटर. तिने तीनशे चौऱ्याहत्तर लिहिलं.

“हे तीस नाही,” दादा म्हणाला.

“काय?”

“हे अंतर. तीस मीटर म्हणालात ना मघाशी?”

“तीसच आहे. मी स्वतः मोजलंय.”

“लादी साठ सेंटिमीटरची आहे. तीस मीटरला पन्नास लाद्या लागतात. इथे अठ्ठेचाळीस आहेत आणि वर एक तिसरा हिस्सा. बारा वेळा मोजल्या.”

“चालताना लाद्या मोजत होतास?”

“मग काय करणार? बोलू तर देत नव्हतीस.”

आपण दोघं ‘तू’वर आलो हे दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघांनीही तिकडे काणाडोळा केला. तिला आधी रागच आला. लहानपणापासून हेच. हिने फळी कापली की हा डोळा बारीक करून म्हणणार, एक सूत कमी पडलं. दोन चाचण्यांच्या मध्ये तासभर विश्रांती असते. ती तणतणत कपाटाकडे गेली आणि पन्नास मीटरचा टेप घेऊन आली. या माणसाला आज खोटं पाडायचंच.

टेपाच्या टोकाची कडी निखळलेली होती. दादाने खुर्चीतूनच ती पाहिली.

“ही तेव्हाही तुटलेलीच होती?”

“हो.”

“मग एकच्या रेघेपासून धरलं असशील.”

टेपाचं टोक तुटकं असलं की त्यावर विसंबायचं नाही, एकच्या रेघेपासून धरायचं, हे बाबांनी दोघांना शिकवलेलं होतं.

“एकपासून धरलंस आणि तीसवर थांबलीस,” दादा म्हणाला. “एकतीसवर थांबायचं असतं. बाबांचं अर्धंच ऐकलंस.”

तिने पुन्हा मोजलं. एकोणतीस. पायाखालची जमीन सरकते म्हणतात. तिच्या पायाखालची नेमकी एक मीटर सरकली. एकशे सेहेचाळीस माणसं, काही दोनदा, काही चारदा, तीन वर्षं तिच्या चुकीच्या कॉरिडॉरमधून धापा टाकत चालली होती आणि ती त्यांना एका सुरात शाबासकी देत होती.

“असली चूक सुताराच्या पोरीलाच जमते,” दादा म्हणाला. “दुसऱ्या कोणी टोकापासून धरलं असतं, इंचभर चुकलं असतं आणि सुटलं असतं.”

चिडवणं होतं, पण आवाज मऊ होता. ती टेप तिथेच टाकून आकडेवालीच्या खोलीत गेली. चूक सांगायची तर ती गरम असतानाच सांगावी; थंड झाली की घशाखाली उतरत नाही. तिने एका दमात सगळं सांगितलं. आकडेवालीने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

“फेऱ्या किती झाल्या ते प्रत्येकाच्या कागदावर आहे ना?”

“आहे. फेऱ्याही आणि वरचे मीटरही.”

“मग फेरीमागे एक मीटर वजा करायचा. दुपारपर्यंत होईल. सगळे त्याच कॉरिडॉरमध्ये चाललेत, आधीही आणि नंतरही, त्यामुळे कोण सुधारलं आणि कोण नाही ते फारसं हलणार नाही. अहवालात मात्र लिहावं लागेल. आणि सरांना तुम्ही सांगायचं, मी नाही.” मग तिने डोळे बारीक केले. “पण हे कळलं कोणाला?”

“एकशे सत्तेचाळीसला. तो माझा भाऊ आहे. मी घेतलेली त्याची चाचणी बाद धरा. पुढची तुम्ही घ्या.”

“ताई! तुम्ही?”

“हो, मीच.”

आकडेवाली हसू दाबायचा प्रयत्न करत होती, आणि तो काही तिला साधला नाही. घड्याळताईच्या एकाच सकाळी दोन चुका निघाल्या होत्या. ही बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत गच्चीवर पोचणार हे उघड होतं. गंमत म्हणजे तिला त्याचं काहीच वाटलं नाही. चुका बोलून टाकल्या, आभाळ कोसळलं नाही, आणि आता आईबद्दलचं विचारायला जीभ मोकळी झाली.

दादा बसायच्या खोलीत कागदी पेल्यातून पाणी पीत होता. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. भिंतीवर फळांच्या चित्रांचा तक्ता, त्याखाली वजनकाटा. तिने त्याच्या शेजारची खुर्ची ओढली.

“दादा, एक विचारू? खरं सांगशील?”

“विचार.”

“तू आईला अंडी द्यायचास ना?”

त्याने पेला खाली ठेवला. दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे टाकून तो नखांकडे बघत राहिला.

“चार वर्षं झाली,” तो म्हणाला. “अजून तेच?”

“भांडायला नाही विचारत. तू दिली असशील तर बरं होईल रे. मला ती दिलेलीच हवी आहेत.” मग तिला थांबता येईना. आलेख, वाळलेली माणसं, अळणी सूप, ओट्यावरची ताटं, सगळं उलटसुलट क्रमाने बाहेर आलं. “रोज अर्धं परत यायचं. मी नुसतं लिहून ठेवायची. मला वाटतं ती माझ्या घरात उपाशी गेली. मला कळतं म्हणून तिला माझ्याकडे ठेवलं, आणि मी तिला उपाशी मारलं.”

दादाने मान वर केली. चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू नवल पसरलं.

“उपाशी?” तो म्हणाला. “कोण, आई?”

“सांग ना.”

“अगं, एक दिवसाआड दोन अंडी. उकडलेली. लोण्यात घोळवून, वर मीठ. खिळ्यांच्या डब्यातून आणायचो. कधी तळलेला बटाटा, कधी सायीची वाटी. तू कामाला गेलीस की मी हजर. आईच्या खोलीच्या त्या खिडकीचं काम मी सात महिने का काढलं? चांगल्या बिजागऱ्या उचकटायचो आणि परत बसवायचो.”

“मला वाटलं, तुझा हात आता चालत नाही. वयामुळे.”

“माझा? हात?” भर विश्रांतीत त्याचा आवाज चढला. “माझी लाज गेली त्या खिडकीपायी. पण आई ऐकेल तर शपथ. बोटं चाटून खायची आणि मला म्हणायची, टरफलं नीट गोळा कर, तिचे डोळे घारीचे आहेत.”

“मग ताट अर्धं का यायचं?”

“पोटात जागा नको? अर्धं खायची तेच तुझ्यासाठी. म्हणायची, पोरगी एवढं मोजून-मापून करते, अर्धं तरी गिळलं पाहिजे. नाहीतर तिला वाईट वाटेल.”

वर्षभर तिने ती ताटं डोळ्यांसमोर धरली होती आणि प्रत्येक वेळी राहिलेलं अर्धं पाहिलं होतं. संपलेलं अर्धं तिला कधी दिसलंच नव्हतं. आता आई तिला दिसली, अंडी खाऊन तुडुंब झालेली, लेकीची समजूत म्हणून अळणी सूप चमच्याचमच्याने रेटणारी. जीव भांड्यात पडला म्हणतात ते काय असतं ते तिला त्या खुर्चीत कळलं. ती रडतेय की हसतेय याची फिकीर न करता तिने ओढणी तोंडावर धरली. दादा अवघडून फळांचा तक्ता वाचत बसला.

जराशाने तिने तोंड पुसलं, आणि तिचा चेहरा पुन्हा उतरला.

“आणि शेवटचा महिना? मी तर तुला रिकाम्या हाताने यायला लावलं होतं.”

“ते तू घरी विचार.”

“घरी कोणाला?”

“तुझ्या घरात आणखी आहे कोण?”

तिला आधी उलगडाच होईना. घरात नवरा होता. वाचनालयातला ग्रंथपाल, शिंकतानासुद्धा इकडेतिकडे बघणारा, तिला विचारल्याशिवाय बरणीचं झाकण न उघडणारा. ती आठला बाहेर पडायची आणि वाचनालय अकराला उघडायचं, हे मात्र खरं.

“ते?”

“खिळ्यांचा डबाच देऊन टाकला मी त्यांना,” दादा म्हणाला. “घाबरले होते फार. पण नाही म्हणाले नाहीत.”

बोलता बोलता त्याने पेला उचलला. अंगठ्याने त्याची कड दुमडत राहिला. “पण मी शपथ खोटी घेतली गं. तिच्या डोक्यावर हात ठेवून. ती जागी होती. माझा हात तिने वरून दाबला, राहू दे म्हणून. आणि महिन्यात गेली. तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने येणार होतो? आईला मारतोयस म्हणाली होतीस. खरंच झालं म्हटलं.”

प्रश्नावलीतली ती ठळक खूण कशाची ते तिला कळलं.

“म्हणून आला नाहीस? चार वर्षं?”

“पत्रकावर तुझ्या केंद्राचं नाव पाहिलं म्हणून आज आलो. म्हटलं, चालायला तरी येऊ.”

“दादा, इकडे बघ.” तिने त्याचा हात धरला. आता बीपीसाठी नव्हता धरायचा, त्यामुळे कसा धरावा हे तिला चटकन सुचलं नाही. “तुला एक सांगितलं नव्हतं. आईला माझ्याकडे आणलं त्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते, फार तर सहा महिने. तू खचशील म्हणून मी ते माझ्यापाशीच ठेवलं. सहा म्हणाले होते. ती आठ जगली.”

“आठ.”

“शपथेने माणूस जात असतं तर ती लवकर जायला हवी होती. तुझं गणित जुळत नाही. वरचे दोन महिने कुठून आले ते मला माहीत नाही, आणि एका माणसावरून काही सिद्ध करता येत नाही, ते मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. पण तू काही कमी केलं नाहीस एवढं मी लिहून देते.”

दादाने एक लांब श्वास घेतला आणि सोडला. त्या श्वासाला घरघर नव्हती. सवयीने तिचं तिकडे लक्ष गेलंच. मग मोकळ्या हाताने त्याने तोंडावरून तळवा फिरवला, रंधा मारून झाल्यावर फळीवरून फिरवावा तसा, आणि म्हणाला, “सहा म्हणाले होते होय.” थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाला.

आकडेवाली दारात आली. हातात स्टॉपवॉच, आणि दोरीसारखा गळ्यात टाकलेला टेप.

“शंकू सरकवलाय,” ती म्हणाली. “आता खरंच तीस आहे. चला काका. ताईंना आम्ही बाहेर ठेवणार आहोत.”

“लाद्या मोजल्या तर चालतील ना?” दादाने विचारलं.

“मनातल्या मनात.”

तो उठला. जाताना त्याने बहिणीच्या खांद्यावर हात टेकला, उठायला आधार म्हणून म्हणावं तर तो आधीच उभा होता.

ती जिन्यात आली आणि वाचनालयात फोन लावला. तिकडून नेहमीचा दबका आवाज आला. वाचकांच्या खोलीतून तो बाहेर येईपर्यंत ती थांबली.

“अहो, शेवटच्या महिन्यात आईला काय द्यायचात तुम्ही?”

तिकडे मागचं दार लोटल्याचा आवाज आला.

“दादा भेटले?” नवऱ्याने विचारलं.

“भेटला.”

“सगळं सांगितलं त्यांनी?”

“तुमच्यापर्यंत सांगितलं.”

मग तो म्हणाला, “आता ओरडणार आहेस की घरी आल्यावर?”

“ओरडत नाही. तिने काय काय खाल्लं ते सांगा. पहिल्या दिवसापासून.”

“आत्ता? फोनवर?”

“आत्ता.”

त्याने घसा साफ केला. “मला अंडी नीट उकडता यायची नाहीत,” तो चाचरत म्हणाला. “पहिल्या दिवशी तर पातेल्यातच फुटलं. मी घाबरून टाकून द्यायला निघालो, तर आई म्हणाल्या, फुटलं तर फुटलं, आणा इकडे.”

ती जिन्याच्या पायरीवर बसली. फोन दुसऱ्या कानाला लावला, पाय लांब केले.

“मग?” ती म्हणाली.